छापून न आलेल्या दोन लाटा

मी दोन लाटांचे चिन्ह बोलत आहे. एका आडव्या लाटेखाली तशीच दुसरी लाट, एवढेच माझे रूप. गणिताच्या पुस्तकात मला 'सुमारे' म्हणतात. नकाशातल्या एखाद्या आकड्याच्या डाव्या अंगाला मी उभा राहिलो, की त्या आकड्याने हात जोडल्यासारखे होते. "मी अगदी असाच असेन असे नाही, मला एकदा पडताळून पाहा," असे तो माझ्या तोंडून विनवतो. गणितातली इतर चिन्हे ठामपणे बोलतात. माझ्या वाट्याला लीनता आली. आणि ज्याच्या वाट्याला लीनता येते त्याला तिचाच अभिमान चढण्याचे भय असते. ते भय माझ्या बाबतीत खरे ठरले. म्हणून हे जे सांगतो आहे, ते मान वर करून सांगत नाही.

माझा जन्म शाईत झाला. एका लहानशा कार्यालयात, उत्तरेकडच्या खिडकीपाशी, तिरक्या ड्रॉइंग बोर्डावर कागद ताणून एक ड्राफ्ट्समन इमारतींचे नकाशे काढीत असे. त्याची रेघ इतकी नाजूक, की सगळे त्याला बारीकराव म्हणत. खरे नाव पगारपत्रकावर असेल तेवढेच. पेन कागदावर टेकवण्याआधी तो क्षणभर डोळे मिटी आणि ओठ हलवी. कोणाचे नाव घेत असे ते त्याने कधी सांगितले नाही. पण त्या नावाच्या ओलाव्यातच माझी पहिली लाट उमटली, हे मला ठाऊक आहे.

बारीकरावाने मला नित्याच्या सेवेला लावले ते त्याच्या मित्रामुळे. हा मित्र लोखंडी कामे करणारा. फाटके, जिने, कठडे, जाळ्या असे काहीही त्याच्या कारखान्यात तयार होई. वेल्डिंगच्या ठिणग्या उडून त्याच्या प्रत्येक सदऱ्याला बारीक भोके पडलेली असत, म्हणून तो ठिणगीशेठ. एकदा एका फाटकाचे माप बोटभर चुकले, तेव्हा तो नकाशा घेऊन तडक कार्यालयात आला.

"राव, तुम्हाला या आकड्याची खात्री होती का?"

"नव्हती. जुन्या कागदावरून घेतला होता."

"मग तसं सांगायचं ना! हे बघा, आपण एक करू. जिथं तुम्हाला शंका, तिथं त्या तुमच्या दोन लाटा काढा. लाटा दिसल्या की मी टेप घेऊन जागेवर जाईन. नाही दिसल्या तर डोळे झाकून कापीन."

"डोळे झाकून?"

"अगदी झाकून. आणि वर झोपही काढीन."

तो करार कोणत्याही कागदावर लिहिलेला नव्हता. तरीही तीस वर्षे तो दोघांनी पाळला. लाटा असल्या की ठिणगीशेठ मोजायला जाई, नसल्या की निर्धास्तपणे लोखंड कापी. मी असलो तर माझा उपयोग होता, आणि नसलो तर माझ्या नसण्यावरही कोणाचा तरी विश्वास विसावलेला होता. असे भाग्य फार थोड्या चिन्हांना लाभते.

पुढे ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला गेला आणि संगणक आला. कार्यालय बारीकरावाच्या भाचीने चालवायला घेतले. ती इंजिनिअर, हुशार, बोलायला धारदार आणि मामावर जीव टाकणारी. तिने मामाला माउस धरण्यापासून शिकवले. साठी उलटलेल्या त्या माणसाने पोरीसमोर विद्यार्थी होऊन बसणे हीदेखील एक साधनाच होती, आणि ती त्याने बरीचशी पार पाडली. रेषा जमल्या, मापे जमली, रंग जमले. अडले ते आमच्यापाशी, खास चिन्हांपाशी. कीबोर्डावर आम्ही नसतो. अंशाच्या वर्तुळाला, व्यासाच्या चिन्हाला ठरावीक अक्षरांचा संकेत टाइप करावा लागतो. माझा संकेत आणखी लांब, आणि नकाशात वापरलेल्या अक्षरवळणात, म्हणजे फॉन्टमध्ये, माझे रूपच नसेल तर माझ्या जागी नुसते प्रश्नचिन्ह उमटते.

बारीकरावाच्या पडद्यावर तेच उमटले. काम एका दवाखान्याच्या लोखंडी जिन्याचे होते. अंगणातून वरच्या मजल्यावर जाणारा जुना जिना गंजला होता. त्याच्या जागी नवा बसवायचा होता. जिन्याची उंची ३२४० मिलिमीटर हा आकडा इमारतीच्या जुन्या नकाशातून घेतलेला. अंगण फरशीसाठी उकरून ठेवल्यामुळे जागेवर नीट मोजता आले नव्हते. म्हणजे तिथे माझीच गरज होती. बारीकरावाने संकेत टाइप केला. प्रश्नचिन्ह. पुन्हा केला. पुन्हा प्रश्नचिन्ह. त्याने एक जुनी वही उघडली, मिटली, टेबलाखाली वाकून पाहिले.

"मामा, काय शोधताय?" भाचीने पलीकडच्या टेबलावरून विचारले.

"काही नाही. चष्मा."

"तो नाकावर आहे."

"असू दे. दुसरा शोधतोय."

तिला विचारले असते तर अक्षरवळण कसे बदलायचे ते तिने अर्ध्या मिनिटात दाखवले असते. पण त्याच सकाळी तिने त्याला आधीच दोन गोष्टी शिकवल्या होत्या, आणि तिसरी विचारण्याइतकी त्याची मान लवली नाही. त्याने माउस धरला आणि मला रेषांनीच काढले. एक लाट, तिच्याखाली तिची प्रत. माझ्याकडे पाहून तो हसला. "शाईत काढायचो तसाच आलास की रे," असे पुटपुटला. मी सुखावलो. पडद्याच्या काळ्या पटावर माझ्याइतके देखणे काहीच नाही, असे मला त्या क्षणी वाटले.

येथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. संगणकातला नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. प्रत्येक कागदाला लेयर म्हणतात. भिंती एका लेयरवर, मापे दुसऱ्यावर. त्यांतला एक लेयर असा असतो की त्यावरचे सारे पडद्यावर दिसते, छापताना मात्र कागदावर उतरत नाही. मोजणीच्या मदतीच्या खुणांसाठी तो राखलेला असतो. बारीकरावाने त्याआधी तिथे एक मदतीची रेघ ओढली होती आणि लेयर बदलायचा राहून गेला होता. मी जन्मलो तो त्या न छापल्या जाणाऱ्या लेयरवर. रंग तोच, आकार तोच. दिसायला मी साऱ्यांत होतो, आणि कोणातच नव्हतो.

नकाशा छापला गेला, तेव्हा एकेक रेषा कागदावर उतरत गेली. ३२४० उतरला. त्याच्या डाव्या बाजूची जागा पांढरी राहिली. मला ते कळत होते आणि मला हाक मारता येत नव्हती.

"मामा, प्रिंट एकदा बघून देता?" भाचीने विचारले.

एरवी तो प्रत्येक छापील नकाशा लाल पेन्सिल घेऊन तपाशी. त्या दिवशी म्हणाला, "आत्ता माझ्या डोळ्यांसमोर काढलंय. त्यात पुन्हा बघायचं काय?"

कागदाची घडी झाली. भाचीने ती ठिणगीशेठच्या हाती दिली. त्याने आकड्याशेजारी लाटा आहेत का ते पाहिले; नव्हत्या. कराराप्रमाणे त्याने डोळे झाकून लोखंड कापले.

पंधरा दिवसांनी तो कार्यालयात आला तेव्हा त्याचा आवाज जिन्यापासूनच ऐकू येत होता. सकाळी दवाखान्याचा जुना जिना उतरवला होता. नवा उभा केला, तो वरच्या ओट्याच्या खाली चार बोटे थांबला. मोजून पाहिले तर ब्याऐंशी मिलिमीटर कमी. वरची ड्रेसिंगची खोली बंद पडली होती, आणि डॉक्टरबाईंनी त्याला अंगणात सगळ्यांदेखत विचारले होते, "मोजता येत नाही का हो तुम्हाला?"

"काका, असं कसं केलंत?" भाची म्हणाली. "मामांनी लाटा घातल्या होत्या. मोजायला जायचं ना!"

"कुठं घातल्या? दाखव."

तिने संगणकावर नकाशा उघडला आणि बोटाने मला दाखवले. "ह्या काय!"

ठिणगीशेठ पडद्याजवळ वाकला. त्याने मला पाहिले, मग हातातला कागद पाहिला. "माझ्या कागदावर नाहीत."

"मग तुमचा कागद आधीचा असणार. किंवा कारखान्यात घामानं पुसलं असेल."

"लाटा तेवढ्या पुसल्या आणि आकडा राहिला? असला कसला घाम गं बाई? आणि कागद एकच आलाय, तुझ्या हातून." मग तो बारीकरावाकडे वळला. "राव, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते खरं."

बारीकराव खुर्चीत बसून होता. लेयरच्या चुकीचे त्याला तेव्हा काहीच ठाऊक नव्हते. पण कागदावर लाटा नाहीत हे त्याला स्वच्छ दिसत होते. एकदा तो कागद हातात घेणे, एवढेच करायचे होते. त्याने तो घेतला नाही. पडद्याकडे पाहूनच म्हणाला, "पडद्यावर तर आहेत."

वाक्यात खोटे काहीच नव्हते, आणि ते वाक्य माझ्याच आधारावर उभे होते. ज्याने कधी ठामपणाचा दावा केला नाही, त्या मला त्या दिवशी ठाम पुरावा म्हणून उभे केले गेले. मला विरून जावेसे वाटले. पण पडद्यावरचे चिन्ह आपण होऊन विरत नाही.

ठिणगीशेठने हातातला कागद पुन्हा एकदा पाहिला. मग कागदाची घडी घालीत म्हणाला, "बरं. तुम्ही म्हणताय म्हणजे आहेत. मग माझेच डोळे गेले." आणि न चिडता निघून गेला. चिडला असता तर बरे झाले असते.

डॉक्टरबाईंनी कार्यालयाकडून लेखी खुलासा मागितला. त्यावर ठरणार होते की खिडक्यांच्या जाळ्या आणि उताराचा कठडा ही पुढची कामे ठिणगीशेठकडे राहतील की नाहीत. आणि गावातल्या साऱ्या इमारतवाल्यांत ती बातमी फिरायला आठवडाही लागला नसता. भाचीने पत्र लिहिले: नकाशात चिन्ह स्पष्ट होते, कारागिराने जागेवर माप घेतले नाही. "मामा, सोबत नकाशाची एक प्रत जोडा आणि सही करून ठेवा," असे सांगून ती एका कामावर गेली.

भर दुपारची वेळ. कार्यालयात बारीकराव एकटा होता. त्याने प्रत छापली. कागद हातात घेतला आणि तो खाली बसला. ३२४० होते. लाटा नव्हत्या. त्याने पुन्हा छापली. पुन्हा नव्हत्या. मग माउसने मला निवडले, आणि मी कोणत्या लेयरवर आहे ते बाजूच्या चौकटीत उमटले. ते त्याने वाचले. त्याच्या कपाळावर घाम आला. भाची म्हणाली होती तो घाम हाच असावा. पण त्याने काहीच पुसले गेले नाही.

यापुढचे सांगताना माझा आवाज आणखी उतरतो. त्याने इकडेतिकडे पाहिले. मला उचलून छापल्या जाणाऱ्या लेयरवर ठेवले. छापण्याची आज्ञा दिली. आणि मी कागदावर आलो. संगणकाच्या युगातला तो माझा पहिला कागद. केवढी ओढ होती मला त्या क्षणाची! शाईचा स्पर्श झाला, कागदाची ऊब कळली. आणि त्याच वेळी हेही कळले, की मी ठिणगीशेठला खोटे पाडण्यासाठी जन्मलो आहे. देवापुढे ठेवायचे फूल कोणाच्या तरी अंगणातून चोरून आणावे, तसे माझे झाले. बारीकरावाने पत्रावर सही केली, मला पत्रासोबत लिफाफ्यात घातले, आणि आधीच्या दोन प्रती फाडून टोपलीत टाकल्या. त्या टाकताना तो ओठ हलवू लागला आणि मध्येच थांबला. ते नाव त्या तोंडाने घेण्याची त्याला भीती वाटली असावी.

मला लिफाफ्यातून बाहेरचे दिसत नव्हते, ऐकू येत होते. डॉक्टरबाई परगावी असल्यामुळे पत्र भाचीच्या टेबलावरच राहिले. बारीकराव रोज वेळेवर येई. बोलत नसे. "मामा, बरं नाही का?" असे भाचीने दोनदा विचारले. "बरा आहे," असे त्याने दोनदा सांगितले.

आठव्या दिवशी ठिणगीशेठ आला. या वेळी आवाज आला नाही. नुसती पावले आली.

"अय्या काका, नवा चष्मा?" भाची म्हणाली.

"हो. राव म्हणाले लाटा आहेत, म्हणजे दोष माझ्या डोळ्यांतच. तपासून आलो. नंबर वाढलाय म्हणे." टेबलावर कागदाची घडी उलगडल्याचा आवाज झाला; तो तोच कागद होता. "आता चष्मा लावून बघतो, तर अजून लाटा नाहीत! म्हणजे चष्मासुद्धा फुकट गेला की! राव, खरं सांगतो, कापायचं काम मी सोडलं. पोरांना सांगितलंय, आता तुम्ही कापा. आकडा दिसतो आणि खूण दिसत नाही, असल्या माणसानं कटर हातात धरू नये. एखाद्याचा जीव जायचा."

भाची काहीतरी समजुतीचे बोलू लागली. मग लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज झाला. बारीकराव खुर्ची मागे सारून उठला होता. त्याने लिफाफा उचलला, मला बाहेर काढून त्या कागदाशेजारी ठेवले. दोन कागद, एकच आकडा. एकापाशी मी, एकापाशी नाही.

"तुझे डोळे चांगले आहेत," तो म्हणाला. "कागदावर लाटा नव्हत्याच. न छापणाऱ्या लेयरवर काढल्या मी. आणि हा दुसरा कागद नंतर, तुला खोटं पाडायला छापला."



ठिणगीशेठने नवा चष्मा काढला. "कधी कळलं तुम्हाला?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस!" आता त्याचा जुना आवाज परत आला. "आठ दिवस माझी बायको मला हाताला धरून रस्ता ओलांडवतीये! जेवायला बसलो की ताटातलं काय कुठं आहे ते सांगते! आणि तुम्ही इथं गप्प? लाज नाही वाटली?"

"वाटली," बारीकराव म्हणाला. "लाज वाटली म्हणूनच गप्प बसलो."

 टेबलावर दोन कागदांमध्ये पडून मी विचार करीत होतो, की लाज दोन प्रकारची असते. एक तोंड उघडायला लावते आणि दुसरी तोंड शिवून टाकते. आणि दुसरी फार वेळा पहिलीचा वेष घेऊन येते.

भाचीने लिहिलेले पत्र तिनेच फाडले. म्हणाली, "काका, मीसुद्धा तुमचा कागद नीट बघितला नाही. मामांच्या हातून चूक होणारच नाही, असं धरून बसले होते." नवे पत्र बारीकरावाने स्वतःच्या हाताने लिहिले, बारीक, सरळ अक्षरात, आणि पोस्टात टाकले नाही. डॉक्टरबाई परत आल्या त्या दिवशी तो आणि ठिणगीशेठ दोघे तिथे गेले. ज्या अंगणात ठिणगीशेठला सुनावले गेले होते त्याच अंगणात, परिचारिका आणि रुग्ण बसलेले असताना, बारीकरावाने ते मोठ्याने वाचले. डॉक्टरबाईंनी ठिणगीशेठची क्षमा मागितली आणि बारीकरावाला एवढेच म्हणाल्या, "तुमच्या वयाला असं करणं शोभलं नाही." त्याने मान डोलावली. पुढची कामे ठिणगीशेठकडेच राहिली. हे सारे मी भाचीच्या तोंडून ऐकले. ती ते फोनवर तिच्या आईला सांगत होती आणि सांगताना रडत होती.

जिना कारखान्यात परत आणून दुरुस्त झाला. जागेवर मोजायला दोघे गेले, तेव्हा ठिणगीशेठ म्हणाला म्हणे, "टेपचं ते टोक तुम्ही धरा. आणि आकडा वाचा मोठ्यानं. मी आंधळा आहे." बारीकरावाने वाचला.

आता माझी सद्यस्थिती. मी योग्य लेयरवर आहे. भाचीने अक्षरवळणही बदलून दिले. आता संकेत टाइप केला की मी सरळ उमटतो. छापलेला प्रत्येक कागद बारीकराव लाल पेन्सिलीने तपासतो आणि कारखान्यात स्वतः नेऊन देतो. मैत्री तुटली नाही. चहा होतो, थट्टाही होते. कागद हातात घेताना ठिणगीशेठ न चुकता विचारतो, "लाटा पडद्यावरच्या का कागदावरच्या?" आणि बारीकराव न चुकता खाली बघून म्हणतो, "कागदावरच्या."

पण एक गोष्ट बदलली आहे, आणि ती माझ्याशिवाय कोणी बोलून दाखवीत नाही. ठिणगीशेठ आता प्रत्येक माप स्वतः जाऊन घेतो. माझ्या शेजारच्या आकड्याचे घेतो आणि जिथे मी नाही त्याही आकड्याचे घेतो. मी आहे की नाही, याने त्याला काही फरक पडत नाही. लोखंड अचूक कापले जाते, जिने ओट्याला बरोबर भिडतात, आणि डोळे झाकून कापण्याचे दिवस संपले. एका माणसाने दुसऱ्याच्या भरवशावर तीस वर्षे काढलेली ती झोप माझ्यामुळे मोडली.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापुढे हात जोडायचे तर मला हात नाहीत. दोन लाटाच आहेत, त्याच जोडतो. ज्याची खात्री नाही ते तसे सांगा. आणि सांगितलेले समोरच्याच्या हातात पोहोचले का, ते त्याचा कागद हातात घेऊन पाहा. मला क्षमा नको. बारीकराव नकाशा काढायच्या आधी पुन्हा डोळे मिटू लागला आहे. ओठ अजून हलत नाहीत. ते हलेपर्यंत मी ३२४० च्या डाव्या बाजूला असाच, मान खाली घालून, उभा राहीन.